भडका काकांची नदी

भडका काका वस्तू फेकायचे. हाताला लागेल ती, समोर दिसेल तिकडे. चाळीस वर्षं या सर्जननं अपघातात चिरडलेली आणि गोळ्या लागलेली माणसं शिवली, आणि त्या चाळीस वर्षांत ऑपरेशन थिएटरच्या भिंतींनी किती चिमटे झेलले याच्या गोष्टी अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळातले जुने लोक सांगत. हे नाव मंडळातल्या पोरांनीच ठेवलेलं. ते काकांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

मी स्वतः त्यांना फेकताना पाहिलं ते गुढीपाडव्याच्या जेवणात. पिस्कॅटवेमधल्या एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलं होतं. ताटं वाढून झाली होती आणि अध्यक्षांचं भाषण काही संपत नव्हतं. काकांच्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ घामाघूम झाले, हात थरथरायला लागले. शुगर उतरली होती. काकांनी आपल्या वाटीतलं श्रीखंड त्यांना बोटानं चाटवलं, नाडी बघितली, माणूस ठीक आहे अशी खात्री करून घेतली आणि मग ती वाटी उरलेल्या श्रीखंडासकट स्टेजवर भिरकावली. वाटी माइकच्या स्टँडवर आदळली, श्रीखंड मागच्या भिंतीवर गेलं. "लोकांना जेवू द्या!" एवढंच ते ओरडले.

नंतर भिंत पुसायलाही तेच गेले. मी स्वयंसेवक होते, पेपर टॉवेल घेऊन मागोमाग गेले. एखादी जखम स्वच्छ करावी तसे ते कडेकडेनं आत पुसत येत होते. माझ्या हातातून टॉवेल घेताना त्यांनी माझी बाही वर सरकलेली पाहिली.

"मनगटाला काय झालं?"

"दारात सापडलं."

"दारात सापडलं तर एक रेघ उमटते," ते भिंतीकडेच बघत म्हणाले. "चार बोटं नाही उमटत."

मी बाही खाली ओढली. भिंत पुसून झाल्यावर ते माझ्या नवऱ्याकडे गेले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, की एकटा म्हातारा आहे, शनिवारी सकाळी मासे पकडायला जातो, मुलीनं कार चालवायला बंदी घातलीय, तर तुझ्या बायकोला पाठव ड्राइव्ह करायला. नवरा पुण्याचा, आयटीतला, मोठ्या माणसांपुढे अतिशय नम्र. इतक्या मोठ्या सर्जननं आपल्याकडे काही मागितलं याचाच त्याला आनंद झाला. "हो काका, शुअर, त्यात काय," तो म्हणाला. मुलीनं बंदीबिंदी काही घातली नव्हती, हे मला पहिल्याच शनिवारी कळलं. काकांनी किल्ली माझ्या हातात दिलीच नाही.

मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवत असे. इथे आले ती त्याच्या व्हिसावर, नोकरीची परवानगी नसलेली. तीन वर्षं मी अपार्टमेंटमध्ये होते आणि त्यातली अडीच वर्षं सावध होते. पोळी करपली, फोन उशिरा उचलला, आईशी जास्त वेळ बोलले, यातल्या कशानं काय होईल हे आधी कळायचं नाही. झाल्यावर तो रडायचा. एकदा मी बोलले तेव्हा म्हणाला, "यू वॉन्ट टू गो बॅक? जा ना. तिकीट काढून देतो." घरी परत जाऊन काय सांगायचं, हे मला सुचत नसे. काकांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला 'मास्तरीण' म्हणायला सुरुवात केली आणि सगळं माहीत असल्यासारखंच ते वागले.

नदी पश्चिमेकडे तासाभरावर होती. नदी म्हणजे काय, आपल्याकडे ओढा म्हणू एवढीच. सर्वांत रुंद जागी पंधरा पावलं. पण बर्फ वितळल्यावर तिला ओढ असायची. पाणी इतकं थंड, की रबरी पॅंटच्या आत दोन जोड मोजे घालूनही पाय बधिर व्हायचे. काठावर चिखलातून हिरवी गुंडाळलेली पानं वर येत असायची, झाडांना अजून पालवी नसायची, आणि सकाळी अकराच्या सुमाराला पाण्यावर बारीक करड्या माश्या पंख उभारून तरंगायला लागायच्या. त्या खायला ट्राउट मासे वर येत.

"हे सरकारी ट्रकमधून आणून सोडलेले नाहीत," काका पुन्हा पुन्हा सांगत. "यांचा जन्म इथला. इथेच वाढले, इथेच एकमेकांना खाऊन मोठे झाले." ब्राऊन ट्राउट दिसायला सुंदर, सोनेरी-तपकिरी, अंगावर काळे आणि लाल ठिपके. काकांनी एकदा मोठ्या माशाचं तोंड उघडून दाखवलं. घशात दुसऱ्या ट्राउटची शेपटी होती, अर्धी गिळलेली. "लोक म्हणतात नदीवर शांत वाटतं," ते म्हणाले. "वरवरच बघतात ना, म्हणून."

गळाला लावायच्या माश्या ते घरीच बनवत. बारीक गळावर पिसं आणि लोकर दोऱ्यानं बांधायची, की पाण्यावर ती खऱ्या माशीसारखी दिसते. लोकर काकूंच्या विणकामाच्या पिशवीतली असायची. काकूंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पिशवीत एक अर्धवट स्वेटर सुयांसकट होता आणि काका त्याचाच धागा टोकाकडून थोडा थोडा उसवून वापरत. मला ते फार हळवं वाटलं होतं. तेव्हा मला पुढचं माहीत नव्हतं.

मला मासे पकडायला शिकवण्याची त्यांची पद्धत भयंकर होती. "मनगट मोडू नकोस! कोपर! हा हात आहे की पळी?" असं ते अर्ध्या नदीला ऐकू जाईल असं ओरडत. स्वतःचा मासा सुटला तर रॉड पाण्यावर आपटत. माझ्यासमोर त्यांनी दोन रॉड गुडघ्यावर मोडले. वरच्या वळणावर एक गोरा म्हातारा मासे पकडायला यायचा. त्याच्याशी काकांचं एका डोहावरून भांडण होतं. तो आधी येऊन उभा राहिला की काका काठावरून डोहात धोंडा टाकत, सगळे मासे पळून जात. तो शिव्या देई, काका मराठीतून देत. परत येताना गाडीत ठेच्याचं सँडविच खात मला विचारत, "जास्त झालं का ग?" आणि मी हो म्हटलं, की पुढच्या शनिवारी त्याच्या ट्रकच्या काचेवर वायपरखाली स्वतः बनवलेली एक माशी अडकवून ठेवत.

मात्र मासा हातात आला, की हा माणूस बदलायचा. हात आधी पाण्यात बुडवायचा, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. माशाचं तोंड फाटू नये म्हणून गळाचं उलटं टोक पकडीनं आधीच चेपलेलं असायचं. मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवायचा, आणि तो स्वतःहून जाईपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून हातात धरून ठेवायचा. तेवढा वेळ काका श्वासही हळू घेत.

पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या गळाला लागलेल्या एका ट्राउटनं माशी खोल गिळली. कल्ल्यांतून रक्त यायला लागलं, पाण्यात लाल धूर पसरावा तसं. मी घाबरून त्याला सोडायला गेले. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडाच्या एका घावात त्याचं डोकं फोडलं. माझ्या गालावर काहीतरी उडालं.

"तो जगला नसता," ते म्हणाले. "अर्धवट सोडायचं नसतं."

त्यांचा हात मी पाहत होते. किती सहज उठला होता. कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "काका, तुम्ही माणसाला कधी मारलंय?"

ते दगडावर बसले. मेलेला मासा बाजूला ठेवला, हात धुतले.

"तुझ्या काकूला," ते म्हणाले. "अकरा वर्षं."

मी बाहीनं गाल पुसला.

"रोज नाही. महिनोन्महिने नाही. म्हणून मला वाटायचं, मी तसला नाही. मग एकदा कानाखाली मारली आणि तिचा डावा कान गेला. मीच तपासायला घेऊन गेलो. तिथल्या मुलीनं विचारलं, कशानं झालं? ही म्हणाली, पोहताना. तिला पोहता येत नव्हतं."

"मग थांबलात?"

"मग थांबलो. वस्तू फेकायला लागलो."

"काकूंनी माफ केलं?"

"विचारलं नाही मी. विचारलं असतं तर तिनं हो म्हटलं असतं. म्हणून नाही विचारलं." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मास्तरीण, तुझा नवरा थांबेल असं तुला वाटतंय. तो रडत असेल, मीही रडायचो. ते खरं असतं ग. पण त्यानं काही होत नाही. तुझा कान जाईपर्यंत थांबू नकोस."

मी रॉड तिथेच टाकला आणि रस्त्यानं चालायला लागले. रबरी पॅंट घातलेली, पाय जड. इतका राग मला नवऱ्याचाही कधी आला नव्हता. या माणसाच्या डब्यातला ठेचा मी खाल्ला होता, याच्या उसवलेल्या लोकरीला मी हळवं म्हटलं होतं. काका गाडी घेऊन मागून आले आणि माझ्या मागोमाग, चालण्याच्या वेगानं, मैलभर येत राहिले. हॉर्न वाजवला नाही, हाक मारली नाही. शेवटी पाय भरून आले म्हणून मी गाडीत बसले.

पुढचे तीन शनिवार मी गेले नाही. चौथ्या शनिवारी गेले. का गेले, हे आजही नीट सांगता येणार नाही. माझ्याशी खरं बोलणारं दुसरं माणूस इथे नव्हतं, हे एक कारण असावं. काकांनी मला एका बायकांच्या संस्थेतल्या वकील बाईंचा नंबर दिला. तो मी पाठ केला, कागदावर ठेवला नाही. फोन मात्र वर्षभर केला नाही.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पाऊस आणि बर्फाचं पाणी एकदम आलं. नदी गढूळ, काठोकाठ. त्या शनिवारी मासे लागण्यासारखं पाणीच नव्हतं, पण काका हट्टानं पलीकडच्या काठाशी, कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मी अलीकडे दोरा सोडवत बसले होते. दरीत फोनला सिग्नल नसतो. नवऱ्यानं सकाळपासून नऊ फोन केले होते, हे मला तो समोर येऊन उभा राहिल्यावर कळलं. माझ्या फोनची शेवटची जागा बघून तो गाडीनं आला होता.

"फोन का उचलत नाहीस?"

"इथे सिग्नल नाही रे."

"खोटं बोलू नकोस." त्यानं माझा दंड धरला आणि मला काठावरून ओढायला सुरुवात केली. मी घसरले, गुडघ्यावर पडले. त्यानं केस धरले. आतापर्यंत हे सगळं चार भिंतींत व्हायचं. उघड्यावर, उन्हात, पाण्याच्या आवाजात ते मला वेगळंच कुणाचं तरी चालल्यासारखं वाटलं. त्याची थोबाडीत बसली तेव्हा तोंडात रक्ताची चव आली.

काका नदीतून येत होते. सत्याहत्तर वर्षांचा माणूस, हातात पाण्यात आधाराला धरायची लाकडी काठी, तोंडानं काय ओरडत होते ते पाण्यापुढे ऐकू येत नव्हतं. मधोमध एकदा पाय सुटला, पुन्हा उभे राहिले. काठाशी पोचले आणि काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. नवऱ्यानं मला सोडलं. मी काकांचा चेहरा पाहिला. तो चेहरा मी घरी पाहिलेला होता. माणूस वेगळा, चेहरा तोच. ती काठी खाली आली असती तर नवऱ्याचं डोकं त्या माशासारखं फुटलं असतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते हवं होतं.

काकांनी काठी पाण्यात फेकून दिली. मग रिकाम्या हातांनी आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"आता मला मार," ते म्हणाले. "तिला नाही."

त्यानं मारलं. दोन्ही हातांनी छातीवर जोरात ढकललं. काका मागच्या मागे दगडांवर आपटले आणि तिथून पाण्यात गेले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. रबरी पॅंटमध्ये पाणी शिरलं की माणूस दगडासारखा जड होतो. मी मागोमाग उडी टाकली. त्यांच्या कमरेचा पट्टा हाताला लागला, मी तो धरला, आणि दोघंही वाहत खालच्या पडलेल्या झाडाला जाऊन अडकलो. पाणी त्यांच्या तोंडावरून जात होतं. मी त्यांचं डोकं मांडीनं वर उचलून धरलं आणि ओरडत राहिले. मागे वळून पाहिलं तेव्हा नवरा काठावर उभा होता. मग तो गाडीकडे चालत गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्हाला बाहेर काढलं ते वरच्या वळणावरच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं. तो पळत आला, झाडाला दोर बांधला, छातीपर्यंत पाण्यात उतरला. ट्रकमध्ये काकांना मागच्या सीटवर झोपवून तो सिग्नल येईपर्यंत भन्नाट वेगानं गेला. काकांच्या नाकातून फेस येत होता. बरगड्या मोडून फुप्फुसाला लागल्या होत्या. हे त्यांनीच मला सांगितलं, कुठल्या कुठल्या बरगड्या तेसुद्धा. मग माझा हात धरला. तोपर्यंत त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता.

"पोलिस विचारतील," ते म्हणाले. "सगळं सांग. आजचं नाही फक्त. पहिल्यापासून."

मी सांगितलं. दीड तास सांगत होते. पाठ केलेला नंबरही त्या दिवशी फिरवला.

नवऱ्याला माझ्याजवळ यायला कायमची बंदी घालायची की नाही, हे कोर्टात ठरायचं होतं. काका हॉस्पिटलमध्ये असल्यामुळे तारीख दोनदा पुढे गेली. जूनमध्ये ते वॉकर घेऊन आले, वीस पौंडांनी उतरलेले, कोट अंगावर लोंबणारा. नवऱ्याच्या बाजूनं मंडळातली पाच-सहा माणसं येऊन बसली होती. त्यांच्या मते मुलगा चांगल्या घरचा होता, म्हातारा भडकू होता, आणि काठी आधी म्हाताऱ्यानंच उचलली होती. नवऱ्याच्या वकिलानंही तेच धरलं. त्यानं काकांना विचारलं, "डॉक्टर, तुम्ही हिंसक स्वभावाचे आहात, असं म्हणणं बरोबर होईल का?"

आमच्या वकील बाई हरकत घ्यायला उठल्या. काकांनी हातानं त्यांना बसवलं.

"बरोबर होईल," ते इंग्रजीत म्हणाले. "मी माझ्या बायकोला अकरा वर्षं मारलं. तिचा एक कान माझ्यामुळे गेला. हे मी आजवर एकाच व्यक्तीला सांगितलंय, आणि ती तिथे बसली आहे. काठी मी उचलली, ती त्याला ठार मारायलाच. मग टाकली. हा समोरचा नवरा कोण आहे, तेही मला विचारा. मला माहीत आहे, हा कोण आहे. मी त्याला आरशात पाहिलंय."

मंडळातली माणसं आपल्या बुटांकडे बघत होती. बंदीचा हुकूम त्याच दिवशी झाला.

काकूंच्या नावानं मंडळात दरवर्षी गाण्याचा कार्यक्रम व्हायचा. तो मंडळानं त्या वर्षीपासून बंद केला. अध्यक्षांनी फोनवर कळवलं तेव्हा मी काकांच्या स्वयंपाकघरात त्यांना भात करून देत होते. ते फोन फेकतील म्हणून मी पातेलं उचलून बाजूला झाले. त्यांनी ऐकून घेतलं, "बरोबर केलंत," म्हणाले आणि फोन टेबलावर ठेवला. त्या दिवसानंतर त्यांनी काही फेकलेलं मी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर हातात तेवढी ताकदच उरली नव्हती.

फेब्रुवारीत न्यूमोनियानं ते गेले. त्यांची मुलगी सिअॅटलची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. बापाशी तिचा संबंध वाढदिवसाच्या फोनपुरता. अंत्यसंस्काराला ती आली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. एप्रिलमध्ये घर रिकामं करायला पुन्हा आली, तेव्हा तिनं मला मेसेज केला, "कॅन यू शो मी द रिव्हर?"

मी घेऊन गेले. आता गाडी माझी होती, वकील बाईंनी कामाची परवानगी मिळवून दिल्यावर नोकरीही होती, एका शाळेत मदतनीस म्हणून. आम्ही काठावर उभ्या राहिलो. पाणी निवळ होतं, करड्या माश्या तरंगत होत्या, पलीकडच्या काठाखाली एक मासा वर येऊन त्या खात होता. ती बघत राहिली.

"डिड ही एव्हर हिट यू?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला दोनदा. आईला वाचवायला मध्ये गेले होते तेव्हा." मराठी अडखळत येत होतं, पण ती मराठीच बोलत होती. "सगळे मला सांगतात, कोर्टात ते किती ब्रेव्ह होते. मी त्यांना माफ नाही केलं. करणारही नाही."

"नको करूस," मी म्हटलं.

तिला हे अपेक्षित नसावं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पण मला ते आवडायचे," मी म्हटलं. "तुझ्यापासून लपवून काय करू?"

ती पुन्हा पाण्याकडे बघायला लागली. मासा आणखी एकदा वर आला आणि गेला. तिनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं, लहान मुलासारखं.

"मलाही," ती म्हणाली.